पाडव्याची खरेदी आणि घराचा संकल्प

चैत्र शुद्ध प्रतिपदेची पहाट आमच्या उपनगरांत मोठी लोभस असते. अंधेरीच्या जुन्या चाळींचे कठडे, बोरिवलीच्या सहनिवासांचे सज्जे आणि मुलुंड-घाटकोपरच्या उंच इमारतींच्या खिडक्या यांवर सूर्योदयाबरोबर एकेक गुढी उभी राहू लागते. वेळूची काठी, तिला बांधलेले नवे वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, आंब्याची पाने, साखरेची गाठी, फुलांचा हार आणि वर पालथा घातलेला तांब्या. दारात रांगोळी, देवघरात समई, स्वयंपाकघरात टांगून ठेवलेला चक्का. वर्ष नवे, दिवस मंगल आणि मनही प्रसन्न.

दुपारचे भोजन आटोपले की याच घरांतून आणखी एक हालचाल सुरू होते. कपाटातील पैसे मोजले जातात, चपला पायांत सरकवल्या जातात आणि सारे कुटुंब खरेदीला निघते. कोणी सराफाकडे, कोणी भांड्यांच्या दुकानात, कोणी नव्या वाहनाला हार घालावयास, तर कोणी नव्या घराची अनामत रक्कम द्यावयास. चैत्रातील पाडवा, वैशाखातील अक्षय्य तृतीया आणि आश्विनातील विजयादशमी हे तीन पूर्ण मुहूर्त आणि कार्तिकातील बलिप्रतिपदा हा अर्धा. या साडेतीन मुहूर्तांना वेगळा मुहूर्त पाहावा लागत नाही, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. ती श्रद्धा आम्हांसही प्रिय आहे. आज त्या श्रद्धेच्या अंगणातच उभे राहून एक साधा प्रश्न विचारावयाचा आहे. पाडव्याला घर खरेदी करते, हे खरे. परंतु घराचा निर्णय नेमका घेतो कोण?

वडीलधारी म्हणतील, "यात विचारायचे काय? सगळ्यांनी मिळून घेतला." मिळून घेतला म्हणजे कसा घेतला, हेच पाहण्यासारखे आहे. कारण मिळून घेतलेला निर्णय घराला तारतो, तसा बुडवूही शकतो.

मनातील सामायिक आराखडा

घाटकोपरच्या एखाद्या सहनिवासाचे उदाहरण घ्या. एकाच मजल्यावर मराठी, गुजराती आणि तेलुगू अशी तीन कुटुंबे शेजारी राहतात. पाडव्याच्या दिवशी मराठी घर सराफाकडे निघते. तेलुगू घरात त्याच तिथीला उगादी असते, तेव्हा तेही नव्या वस्तूचा विचार करते. गुजराती घराचे नवे वर्ष मात्र दिवाळीनंतरच्या कार्तिक प्रतिपदेला. त्यांचे चोपडापूजन दिवाळीचे. आज त्या घरातून खरेदीला कोणी घाईने निघत नाही. दुकान तेच, सोने तेच, भावही तोच. तरी 'आज घ्यावयाचेच' ही निकड दोन घरांत आहे आणि तिसऱ्यात नाही. ती निकड सोन्यात नसून त्या त्या घरातील माणसांच्या मनांत एकसारख्या उमटलेल्या चित्रात आहे.

मानसशास्त्रात या चित्राचा बराच विचार झाला आहे. केनेथ क्रेक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली असे मांडले, की मनुष्य बाहेरच्या जगाची एक लहानशी प्रतिकृती मनात बाळगतो आणि प्रत्यक्ष पाऊल टाकण्यापूर्वी त्या प्रतिकृतीत ते टाकून पाहतो. पुढे एकत्र काम करणाऱ्या गटांचा अभ्यास झाला, तेव्हा ध्यानात आले, की अशी प्रतिकृती एकेकट्याचीच असते असे नव्हे. ती अनेकांची मिळून एक असू शकते. तिला आपण मनातील सामायिक आराखडा म्हणू.

हा आराखडा आपल्या घरांस अपरिचित नाही. महिन्याच्या किराण्याची यादी आठवून पाहा. सासूबाई यादी सांगतात, सूनबाई लिहून घेतात. "चहा नेहमीचा, तांदूळ नेहमीचा, तूरडाळ नेहमीची." या 'नेहमीचा' शब्दात किती गोष्टी सामावल्या आहेत! कोणत्या दुकानाचा, कोणत्या प्रतीचा, किती वजनाचा, साधारण किती रुपयांना, हे सर्व दोघींना एकाच वेळी ठाऊक असते. म्हणून शब्द थोडे लागतात आणि काम लवकर उरकते. सामायिक आराखड्याचा हा केवढा उपकार!

आपल्या पूर्वजांनी तर पाडव्याच्या दिवशीच असा आराखडा घडविण्याची योजना करून ठेवली आहे. ती म्हणजे पंचांगश्रवण. संवत्सराचे नाव, पर्जन्यमान, पीकपाणी, सण कोणत्या तिथीला, हे सारे घराने वा गावाने एकत्र बसून ऐकावयाचे. प्रत्येकाने आपापले पंचांग वाचले असते तरी चालले असते. परंतु एकत्र ऐकल्याने येणाऱ्या वर्षाचे एकच चित्र सर्वांच्या मनांत उमटे आणि वर्षभराचे व्यवहार त्या चित्राच्या आधाराने ठरत.

कोणालाच नको असलेला प्रवास

मात्र या आराखड्याला एक दुसरी बाजू आहे. जो सर्वांच्या मनांत आहे असे आपण गृहीत धरतो, तो खरोखर सर्वांच्या मनांत असतो काय?

जेरी हार्वे या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ साली आपल्याच घरातील एक हकीगत प्रसिद्ध केली. टेक्सास राज्यातील कोलमन या गावी जुलैच्या कडक उन्हात जावई, मुलगी, सासरे आणि सासूबाई असे चौघे ओसरीवर सोंगट्यांसारखा एक खेळ खेळत निवांत बसले होते. सासरे म्हणाले, "चला, अबिलीनला जेवावयास जाऊ." अबिलीन त्रेपन्न मैल दूर. मुलगी म्हणाली, "छान कल्पना." जावई म्हणाला, "सासूबाईंची तयारी असेल तर माझी हरकत नाही." सासूबाई म्हणाल्या, "मी तर कधीची गेले नाही तिकडे." धूळ खात, घामाने निथळत चौघे गेले, बेचव जेवण जेवले आणि चार तासांनी परतले. मग हळूहळू उलगडले, की कोणालाच जावयाचे नव्हते! सासऱ्यांना वाटले होते, लेक-जावई कंटाळले असतील. इतरांना वाटले होते, बाकी सर्वांची इच्छा आहे. चारही शहाण्या माणसांनी एकमताने असा निर्णय घेतला, जो चौघांपैकी एकालाही नको होता.

हा प्रसंग वाचून आपल्या वाचकांस हसू येईल आणि लगेच आपलीच एखादी पाडव्याची खरेदी आठवेल. आजींनी बांगड्यांचे नाव काढले ते सूनबाईंची हौस व्हावी म्हणून. सूनबाईंनी मान डोलावली ती आजींचे मन मोडू नये म्हणून. आणि घरधन्याने कर्ज काढले ते दोघींची इच्छा आहे म्हणून. तिघांचे प्रेम खरे. पण निर्णय मात्र कोणाचाच नाही.

एका भिशीची गोष्ट

असल्या खरेदीत होणारे नुकसान बहुधा थोडके असते. पण गोष्ट दरवेळी थोडक्यावर भागत नाही. आमच्या पाहण्यातील एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते.

बोरिवलीच्या एका इमारतीतील सोळा कुटुंबांनी मिळून एका सराफाच्या मासिक योजनेत पैसे भरावयास सुरुवात केली. अकरा हप्ते आपण भरावयाचे, बारावा दुकानदार घालणार आणि पाडव्याला सोने न्यावयाचे. प्रारंभ तळमजल्यावरील एका काकूंनी केला. दुसरीने पहिलीकडे पाहिले, तिसरीने दुसरीकडे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विषय निघाला, की "आपण सगळ्याच आहोत ना" या वाक्यावर तो मिटे. एके दिवशी दुकानाला कुलूप दिसले. त्यानंतर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या झाल्या, अर्ज झाले. एका घराचे मुलीच्या लग्नाचे सोने त्यात गेले.

पुढे एकदा त्या सर्वजणी एकत्र बसल्या, तेव्हा जे बाहेर आले ते पैशांपेक्षाही जिव्हारी लागणारे होते. त्यांच्यातील एक वहिनी बँकेत नोकरीला होत्या. त्यांस पहिल्याच महिन्यात शंका आली होती, की पावतीवर नुसता दुकानाचा शिक्का आहे. योजनेच्या अटी त्यात कोठेच नाहीत. त्या बोलल्या नाहीत. "मला वाटले, तुम्ही सगळ्यांनी चौकशी केलीच असेल," असे त्या म्हणाल्या. तेव्हा बाकीच्या उत्तरल्या, "अहो वहिनी, तुम्ही बँकेतल्या. तुम्ही पैसे भरलेत, म्हणून तर आम्ही भरले!"

सोळा घरे, सोळा विश्वास. परंतु प्रत्येक विश्वास शेजारच्या विश्वासावर टेकलेला, आणि भूमीवर कोणाचाच पाय नाही. असे प्रसंग एका इमारतीपुरतेच घडतात असेही नाही. २०१९ साली दिवाळीच्या तोंडावर मुंबई-ठाणे परिसरातील एका सराफी पेढीची दारे अचानक बंद झाली आणि हप्ते भरणारी कितीतरी कुटुंबे ऐन सणात पोलीस ठाण्यात उभी राहिली.

असे का घडते, याचा उलगडा गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोघा अभ्यासकांच्या १९८५ सालच्या एका प्रयोगाने काही प्रमाणात होतो. त्यांनी लहान लहान गटांना काही उमेदवारांतून एकाची निवड करावयास सांगितले. सर्वोत्तम उमेदवाराचे गुण सांगणारी माहिती तुकड्या तुकड्यांनी वेगवेगळ्या सभासदांकडे वाटून दिली होती. सर्वांनी आपापला तुकडा पुढे ठेवला असता तर योग्य निवड सहज झाली असती. प्रत्यक्षात चर्चा रंगली ती जे सर्वांना आधीच ठाऊक होते त्यावरच. ज्याच्या एकट्याजवळ जे होते ते बहुतांशी तसेच राहून गेले. सर्वांना माहीत असलेली गोष्ट बोलावयास सोपी असते, कारण माना लगेच डोलतात. एकट्यालाच ठाऊक असलेली गोष्ट बोलावयास धीर लागतो. बँकेतील वहिनींपाशी ज्ञान होते. त्यांस बोलते करणारी रीत त्या इमारतीत नव्हती.

एका पाडव्याचा आरंभ

मग अनेक घरांनी मिळून खरेदी करूच नये काय? तसे म्हणणे म्हणजे पडशाला नाक कापण्यासारखे होईल. याच उपनगरांनी, आणि तीही पाडव्याच्याच मुहूर्तावर, अनेक घरांनी मिळून शहाणपणाने कसे घ्यावे याचा धडा घालून दिला आहे.

१९७२ चा तो काळ ज्यांनी पाहिला त्यांस आठवत असेल. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ, गोडेतेल, साखर आणि रॉकेल यांची टंचाई, भाव आकाशाला भिडलेले. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. गोरेगावच्या पाणीप्रश्नामुळे 'पाणीवाल्या बाई' म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी नेत्या तिच्या अग्रभागी होत्या. वेगवेगळ्या पक्षांच्या आणि बहुसंख्येने कोणत्याच पक्षाच्या नसलेल्या गृहिणी हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. लाटण्याने थाळी वाजू लागली, तेव्हा जे दुःख प्रत्येक घराला आपले खासगी वाटत होते, ते सर्वांचे एकच आहे हे सर्वांना एकाच वेळी कळले. मनातील सामायिक आराखडा मोठ्याने बोलला गेला, तो असा.

त्यानंतर १९७५ च्या, म्हणजे शके १८९७ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायतीचा प्रारंभ झाला. ग्राहक चळवळीचे प्रवर्तक बिंदुमाधव जोशी यांची प्रेरणा तिच्यामागे होती आणि 'गीतरामायणा'चे संगीतकार सुधीर फडके हे तिच्या आरंभीच्या धुरीणांपैकी एक होते. मोर्चातून विरोध व्यक्त होतो. पंचायतीने व्यवहार उभा केला. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ बांधावयाचा. प्रत्येक घराने महिन्याची यादी आणि पैसे आगाऊ द्यावयाचे. संस्थेने सर्व संघांच्या याद्या एकत्र करून उत्पादकाकडून वा घाऊक बाजारातून माल आणावयाचा. तो संघातील एका घरी उतरवावयाचा आणि सभासदांनीच त्याचे वाटप करावयाचे. ना दुकान, ना फळी, ना जाहिरात. या कामात पुढाकार प्रामुख्याने गृहिणींचा. विलेपार्ल्याला जुहूच्या बाजूस ग्राहक भवन उभे राहिले आणि उपनगरांतील हजारो घरांत या संघांची रीत रुजली.

बोरिवलीची भिशी आणि ग्राहकांचा संघ यांची तुलना आम्हांस फार उद्बोधक वाटते. दोन्हींत शेजारी तेच, विश्वास तोच, पैसेही आगाऊच. मग फरक कोठे पडला? भिशीत सर्वांच्या मनांत एक सुखद चित्र होते; पण ते कोणी उच्चारले नव्हते आणि म्हणून कोणी तपासलेही नव्हते. संघात यादी लिहावी लागते. लिहावी लागते म्हणून गरज बोलावी लागते. माल आपल्याच हातांनी वाटावा लागतो म्हणून वजन डोळ्यांसमोर होते. तांदळात खडे निघाले तर ते एकाच घराच्या ताटात लपून राहत नाहीत. पुढच्या वाटपाला त्यांची चर्चा होते. कोणा एकीपाशी असलेले ज्ञान सर्वांपुढे यावे अशी वाट त्या कामाच्या रचनेतच आहे.

एकत्र बसून बोलण्याचे हे सामर्थ्य कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मोजून पाहिले होते. टंचाईमुळे गृहिणींनी घरात न रुळलेले काही अन्नप्रकार वापरावेत अशी सरकारची इच्छा होती. काही गटांना तज्ज्ञांनी उत्तम व्याख्यान दिले. दुसऱ्या गटांतील गृहिणींनी तोच विषय आपसांत चर्चिला, अडचणी मोकळेपणी सांगितल्या आणि शेवटी हात वर करून निश्चय केला. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी अवघ्या ३ टक्क्यांनी, तर चर्चा करून ठरविणाऱ्यांपैकी ३२ टक्के गृहिणींनी तो बदल अमलात आणला होता. ऐकलेले विसरले जाते. सर्वांसमक्ष आपल्या तोंडाने ठरविलेले मनुष्य सहसा मोडत नाही.

संकल्पाचा अर्थ

हे वाचताना आपल्या श्रद्धाळू वाचकांस एका गोष्टीची आठवण झाली असेल. कोणत्याही पूजेच्या आरंभी आपण संकल्प करतो. हातावर पाणी घेऊन स्थळ, काळ, आपले नाव-गोत्र आणि पूजेचा हेतू यांचा स्पष्ट उच्चार करतो. परमेश्वराला आपल्या मनातील हेतू ठाऊक नसतो काय? त्याला तो ठाऊक असतोच. उच्चार करावयाचा तो आपल्यासाठी आणि भोवती बसलेल्या घरच्यांसाठी. काय करीत आहोत आणि कशासाठी करीत आहोत, हे सर्वांच्या कानांवर पडल्यावाचून कर्माला आरंभ करावयाचा नाही, ही त्यामागची शिस्त आहे. आम्हांस वाटते, घराच्या मोठ्या खरेदीलाही हीच शिस्त लावावी.

मुहूर्त वेळेची शुभता सांगतो. वस्तूची शुद्धता तो सांगत नाही. ती माणसालाच पाहावी लागते. म्हणून पंचांगाला जशी तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे, तशी खरेदीलाही पाच अंगे मानावीत आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरात बसून त्यांचा उच्चार करावा.

पहिले अंग गरज. हे सोने अंगावर घालावयाचे की अडीअडचणीसाठी ठेवावयाचे, हे प्रत्येकाने आपापल्या तोंडाने सांगावे. ठेवावयाचे असेल तर नक्षीदार दागिन्याची घडणावळ मोडीच्या वेळी परत मिळत नाही, हे विसरू नये.

दुसरे अंग शुद्धता. बावीस कॅरटचे सोने म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध. अर्थात दहा ग्रॅमच्या दागिन्यात सुमारे ९.१६ ग्रॅम. अठरा कॅरटमध्ये हेच प्रमाण हजारात ७५०. भारतीय मानक ब्युरोचे हॉलमार्क २००० साली सुरू झाले आणि १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत गेले. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण आवश्यक झाली. ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि ही सहा खुणांची ओळख, या तिन्ही गोष्टी भिंगातून पाहण्याचा आग्रह धरावा. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर ती ओळख पडताळूनही पाहता येते. घरातील नातवंडांवर हे काम सोपवावे. त्यांस ते आजोबांपेक्षा लवकर जमेल.

तिसरे अंग वजन. खड्यांचे आणि लाखेचे वजन सोन्यात धरलेले नाही ना, हे पाहावे. चौथे अंग मोल. त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि कर हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत; एकच गोल आकडा मान्य करू नये.

पाचवे अंग लेखी पुरावा. पक्की पावती, आणि योजना असेल तर तिच्या लेखी अटी. सराफाच्या योजनेतील हप्ता म्हणजे बँकेतील ठेव नव्हे, हे प्रत्येक घरात मोठ्याने उच्चारले गेले पाहिजे. बँकेतील ठेवीला एका ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण २०२० पासून आहे. दुकानातील हप्त्याला तसे कोणतेही संरक्षण नाही.

आणि इतके करूनही फसवणूक झालीच, तर तेथेही एकटे राहू नये. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनेक ग्राहकांच्या समान हितासाठी एकाने वा अनेकांनी सर्वांच्या वतीने तक्रार करण्याची वाट खुली केली आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्यातही, आयोगाच्या अनुमतीने, ती कायम आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवा मार्गदर्शन करते. सोळा घरांनी एकत्र येऊन पैसे भरावयाचे आणि पैसे बुडाल्यावर मात्र प्रत्येकाने आपापल्या दाराआड रडावयाचे, हे योग्य नव्हे.

हे केवळ सोन्यापुरते सांगितले. परंतु आज उपनगरांतील कितीतरी सहनिवास याहून फार मोठ्या खरेदीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. जुन्या इमारतीचा पुनर्विकास कोणत्या विकासकाकडे सोपवावा, हाही अनेक घरांनी मिळून घ्यावयाचा ग्राहकाचाच निर्णय आहे, आणि त्यात साऱ्या जन्माची पुंजी गुंतलेली असते. तेथेही "बाजूच्या इमारतीने दिले म्हणून आपणही" हा आराखडा चोरपावलांनी येतो. सभेत जो सभासद कोपऱ्यात गप्प बसला आहे, त्याच्यापाशीच कदाचित ती एक माहिती असते, जिच्यावाचून निर्णय अपुरा राहतो. अध्यक्षांनी त्याच्याकडे वळून, "काका, आपले काय म्हणणे आहे?" असे विचारले, तर सभेचा अर्धा तास वाढेल, पण पुढची कित्येक वर्षे वाचतील.

आधी कडू, मग गोड

पाडव्याच्या सकाळी गुढीची पूजा झाली, की आपल्या घरांत कडुनिंबाची पाने वाटून प्रसाद होतो. कोवळी पाने, फुलोरा, ओवा, मिरी, हिंग, मीठ, चिंच आणि गूळ. घरातील ज्येष्ठांपासून बालकांपर्यंत प्रत्येकाने तो चाखावयाचा. श्रीखंडाची वाटी त्यानंतर. आपल्या पूर्वजांनी नव्या वर्षाचा पहिला घास कडू ठेवला आणि तो घरातील प्रत्येकाला घ्यावयास लावला, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

यंदा प्रसाद वाटताना एवढे अवश्य करावे. दुपारी जी खरेदी व्हावयाची आहे तिच्याविषयी प्रत्येकाने आपल्या मनातील एक तरी शंका तेथेच बोलून दाखवावी. थोरांनी आधी बोलू नये. सर्वांत लहान सुनेने किंवा मुलाने प्रारंभ करावा आणि थोरांनी अखेरीस बोलावे, म्हणजे धाकट्यांची जीभ आदराने अडखळणार नाही. शंका निघालीच नाही, तर आनंदच आहे. घराचे मत खरोखर एक आहे असे जाणून निघावे. निघाली, तर ती कडुनिंबाच्या घासासारखी सर्वांनी मिळून गिळावी आणि मगच सराफाची पायरी चढावी. मुहूर्त दिवसभर आहे. घटकाभराच्या बोलण्याने तो टळत नाही.

सोळा घरांच्या त्या इमारतीत आता दर पाडव्याला तळमजल्यावरच्या काकूंच्या घरी सर्वजणी जमतात. डाळी आणि तांदूळ एकत्र आणून वाटून घेतात. वाटप सुरू होण्यापूर्वी बँकेतील वहिनी पावती मोठ्याने वाचून दाखवितात आणि मग विचारतात, "कोणाला काही म्हणायचे आहे?" गेलेले सोने अद्याप परत आलेले नाही. परंतु त्या प्रश्नानंतर आता कोणी गप्प बसत नाही.

नूतन संवत्सर आमच्या सर्व वाचकांच्या घरी आरोग्य, समाधान आणि सुमती घेऊन येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.